ज्या दगडाखालून उचललं

मी एक सापीण बोलतेय. दचकू नका, मला विष नाही. अंगावर चार काळ्या रेघा आणि स्वभाव शांत, एवढ्यावरच इटलीतल्या अब्रुत्सोच्या डोंगरातली माणसं मला जवळ करतात.

माझा जन्म शेताच्या दगडी बांधातला. दर वसंतात गावातला साप धरणारा सबातिनो मला उचलायला यायचा. आधी तळहात चोळून गरम करायचा, मगच हात लावायचा. घरी लाकडी पेटी, कोंडा, पाणी, कोंबडीची अंडी. मे महिन्यातल्या जत्रेत आम्हा सापांना संताच्या मूर्तीवर चढवून गावभर मिरवत. लेकरं मला गळ्यात घालत. जत्रा संपली की ज्या दगडाखालून उचललं, त्याच दगडापाशी सोडायचं, हा गावाचा नेम.

गेल्या वर्षी जत्रेच्या दुसऱ्याच दिवशी सबातिनो अंगणात कोसळला तो उठलाच नाही. मी पेटीतच राहिले.

त्याची बायको एर्सिलिया मला सोडायला तयार होईना. "त्याचा शेवटचा हात हिलाच लागलाय," ती म्हणायची.

शेजारची लोरेता टोमणा मारायची, "नवऱ्याच्या जागी साप पाळलास की काय गं?"

"ही घोरत तरी नाही!"

मी एर्सिलियाच्या मनगटाला वेढे घालून पडायचे. तिला वाटायचं, माझा तिच्यावर जीव जडलाय. खरं सांगते, मला ते कळत नाही. मला ऊब कळते आणि वास कळतो. तिच्या हाताला पावाचा नि धुराचा वास होता, आणि तो हात मला धरताना कधी थरथरला नाही.

हिवाळ्यात आम्ही बांधाखालच्या गारठ्यात गाढ झोपतो. पण मला थंडी वाजेल म्हणून तिने पेटी चुलीपाशी ठेवली. मला झोप येईना, अंडं गिळवेना. वसंतापर्यंत कातडी अंगावर लोंबू लागली.

"अगं, मरतेय ती," लोरेता म्हणाली. या वेळी ती हसली नाही. "सबातिनोने असं केलं असतं?"

एर्सिलिया उठली. मला मनगटावर घेऊन बांधाकडे निघाली. लोरेता मागोमाग. पण माझा दगड कुठला, हे फक्त सबातिनोला ठाऊक होतं.

पहिल्या बांधावर तिने हात टेकवला. वास परका होता. मी वेढा घट्ट केला.

"बघ, जात नाही ती!" एर्सिलियाचा आवाज एकदम उजळला.

"पुढे चल," लोरेता म्हणाली.

दुसऱ्या बांधावरही तेच झालं. मग अंजिराच्या झाडाखालचा बांध आला. मी जीभ बाहेर काढली. ओलं शेवाळ, मुंग्या, माझीच जुनी कात. मी एकेक वेढा सोडू लागले.

"एवढी घाई गं?" एर्सिलिया पुटपुटली. पण तिने मूठ मिटली नाही.

आता मी माझ्या दगडाखाली आहे. अंगात अजून जोर नाही. पुढच्या वसंतात कुणी मला न्यायला आलात, तर तळहात आधी चोळा आणि हा दगड लक्षात ठेवा.

एर्सिलिया अधूनमधून येते, दगडावर हात टेकून बसते. ती उठून गेली की मी बाहेर येऊन त्या जागेवर पडते. ऊन कललेलं असलं तरी तिथे थोडा वेळ ऊब असते.