भिंतीत कोंडलेला फिरता रिअ‍ॅक्टर

मी एक रिअ‍ॅक्टर बोलतोय. बोलतोय कसला, संतापाने ओरडतोय!

रसायनं शिजवायचं स्टीलचं भांडं, पंप, नळ्या असा सगळा संसार एका चौकटीत बसवून मला घडवलं. ज्या मालाला मागणी, तो बनवणाऱ्या कारखान्यात जायचं. ट्रकवरून उतरायचं, नळ्या जोडून घ्यायच्या की लागलो कामाला. एका जागी ठाण मांडून बसणं माझ्या रक्तातच नाही.

ही सगळी आखणी नियोजनवाल्या बाईंची. पहिल्याच दिवशी माझ्या चौकटीवर थाप मारून त्या म्हणाल्या, "इथल्या कापडाच्या रंगाची मागणी घटली की तू आपल्या धाकट्या कारखान्यात जायचंस, बरं का. तिथली जुनी टाकी गळते, आणि माझा भाऊ तिच्यावरच कामाला आहे."

पण आमच्या मोठ्या साहेबांना माझं रूप खटकलं. पाहुणे येणार होते ना! "हे काय तात्पुरतं दिसतंय? पक्कं करून टाका," त्यांनी फर्मावलं. माझे पाय काँक्रीटमध्ये गाडले, नळ्या वेल्डिंगने सांधल्या आणि समोर चकचकीत टाइलची भिंत उभी केली.

"साहेब, अहो, हा हलवायचाय!" बाई कळवळून म्हणाल्या.

"बाई, पक्कं काम कधीही चांगलं."

पालथ्या घड्यावर पाणी! पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मला हात असते तर एकेकाच्या कानाखाली लगावली असती.

पुढे रंगाची मागणी खरंच घटली. मला न्यायला ट्रक आला आणि रिकामा परत गेला. नवी कोरी भिंत फोडायची कशी? साहेब म्हणाले, "बघू पुढे." मी बिनकामाचा उभा राहिलो आणि लोक माझ्या नळ्यांवर ओले रेनकोट वाळत घालू लागले.

तिकडे ती टाकी फुटली. बाईंच्या भावाचे दोन्ही हात भाजले.

आज बाई कुणालाही न विचारता गवंडी घेऊन आल्यात. साहेब धावत आले. "परवानगी कुणाची?"

"साहेब, माझ्या भावाला घास भरवावा लागतो. बाजूला व्हा."

साहेब बाजूला झाले. गवंडीदादा, आता दम खाऊ नकोस. घाल घाव! मला पोचे आले तर येऊ देत. ती फुटकी टाकी ठिगळ लावून पुन्हा चालू केलीय, आणि तिच्यापाशी आज दुसऱ्याच कुणाचा तरी भाऊ उभा आहे.