लोकांच्या पोरींच्या पत्रिका

केरबा आला तो चपला न काढता उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. एरवी हा माणूस रस्त्यावरूनच चहाची ऑर्डर सोडत यायचा. नाथाजीची बायको विजयमाला वारल्यावरही त्याने ती सवय मोडली नव्हती, फक्त आता चहा तो स्वतः ठेवायचा, नाथाजीला जमत नाही म्हणून. आज "ये की आत" म्हटलं तरी तो हलला नाही.

"माझ्या क्रांतीला सासूनं म्हायेरी धाडली," तो म्हणाला.

"का रं? काय झालं?"

"कुणाचा तरी फोन आला पोरीच्या मोबाईलवर. ती भाकऱ्या करत हुती, म्हणून सासूनं उचलला. त्यो बाबा इचारतोय, तुमच्या मंगळाच्या मुलीचं जमलं का न्हाई अजून? सासू म्हणली, मंगळ कुणाला हाय? आमच्या सुनंला न्हाई मंगळ. तर त्यानं जन्मयेळ वाचून दावली. खरी येळ, नाथा."

"खरी म्हंजे?"

केरबाने मान खाली घातली आणि मग सांगून टाकलं. क्रांतीला कडक मंगळ होता. स्थळं यायची, पत्रिका बघायची आणि परत जायची. शेवटी विजयमालाने जन्मवेळ मागे सरकवून दुसरी पत्रिका करून दिली. तिच्यावर सांगलीचं स्थळ जमलं, लग्न झालं, संसार चांगला चालला होता. क्रांतीला स्वतःलाही यातलं काही माहीत नव्हतं.

"ती येळ मला, माझ्या कारभारणीला आन वहिनीला ठावं. वहिनी तर गेल्या. जाताना तुला कायतरी बोलल्या आसतील, आन तू बसला आसशील कुठंतरी पारावर सांगत."

"आईशप्पत केरबा, मला आजपातूर ह्यातलं कायबी ठावं न्हवतं."

ते खरंच होतं. पण शपथ तोंडातून बाहेर पडत असतानाच नाथाजीला विजयमालाचा कॉम्प्युटर विकला ते सांगलीतलं दुकान आठवलं. केरबा म्हणाला, "मग ज्यानं कुणी केलं त्याचं वाटुळं हुईल." आणि निघून गेला. तो शाप आपल्यालाच लागला हे नाथाजीला कळलं. तरी त्याने त्याला मागे बोलावलं नाही.

विजयमाला रहिमतपुरात घरबसल्या लग्नं जुळवायची. आधी पिशवीतून पत्रिका घेऊन हिंडायची, मग पुतण्याने कॉम्प्युटर आणून दिला आणि ती त्यावर शिकली. आसपासच्या गावांतल्या आया तिच्याकडे मुलींचे फोटो, पत्रिका, मोबाईल नंबर ठेवून जायच्या. तिचा एक नियम होता. न जमलेली पत्रिका फाडायची नाही, जाळायची नाही. मुलीच्या घरी परत द्यायची, नाहीतर कृष्णेत सोडायची. एकदा नाथाजीने रद्दीत असली एक पत्रिका घातली तेव्हा तिने रद्दीवाल्याला गाठून ती परत आणली होती आणि दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती.

ती गेल्यावर त्या कॉम्प्युटरसमोरची खुर्ची त्याला बघवेना. लोक अजून दारात यायचे, "काकी न्हाईत व्हय?" म्हणायचे आणि मग ओशाळून उभे राहायचे. म्हणून त्याने विकायचं ठरवलं. घरी बसून पुतण्याच्या मदतीने पेन्शनचे कागद पुसले, बँकेचे पुसले, विजयमालाचे दवाखान्यातले फोटो पुसले. कुणी परका माणूस तिला नळ्या लावलेली बघेल, हे त्याला सहन झालं नसतं. मग सगळं चादरीत गुंडाळून तो रेल्वेने सांगलीला गेला.

दुकानदार भला होता. "काका, ह्यात अजून बरंच काय काय आहे. सगळं पुसून घेतो, बसा जरा."

"त्या पत्रिका हायत. पोरींच्या."

"तेच म्हणतोय. पुसू ना?"

"नगं. लग्नाच्या पोरींच्या पत्रिका पुसायच्या नसत्यात."

दुकानदार हसला. "मग पेन ड्राइव्हवर घालून देतो, घरी न्या."

"घरी नेऊन मी काय करू? मी काय लग्नं जुळवतोय आता?" नाथाजी म्हणाला. "ऱ्हाऊ दे. कुणाच्या तरी उपयोगाला येतील."

गाडीची वेळ झाली होती. शिवाय त्या पत्रिका विजयमालाच्या होत्या, तिच्या नियमाला आपण जागलो, असंही त्याला जरा बरं वाटलं होतं.

आता केरबा येऊन गेल्यावर नाथाजी पुन्हा त्या दुकानात गेला आणि दुकानदाराकडून पत्ता घेऊन सांगलीजवळच्या कुपवाडला पोचला. कॉम्प्युटर दादासो नावाच्या माणसाने घेतला होता. त्याचं लेथ मशिनचं छोटं वर्कशॉप होतं. बिलं करायला त्याला स्वस्तातला कॉम्प्युटर हवा होता.

"तुमीच व्हय ते!" दादासोने तेलकट हात पुसत खुर्ची पुढे केली. "काका, लय उपकार झालं बगा. आमच्या मेव्हण्याला मंगळ. मंगळाची पोरगी काय गावंना. आन ह्यात बगतोय तर येगळा फोल्डरच केलेला, खऱ्या येळा म्हणून! काकी लय हुशार बाई हुत्या."

त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. त्याने पडद्यावर उघडून दाखवलं. एका फोल्डरमध्ये लोकांना दिलेल्या पत्रिका, दुसऱ्यात खऱ्या. दुसऱ्यातही बऱ्याच मुली होत्या. रहिमतपूरच्या, वाठारच्या, कोरेगावच्या. नाथाजीने त्यांतल्या कितीतरी जणींच्या लग्नात पंगतीत वाढलं होतं. क्रांतीचा फोटो हिरव्या साडीतला होता, नाथाजीच्याच अंगणात काढलेला.

"हिला फोन कुणी केला?"

"मेव्हण्यानंच. सगळ्यांस्नी करतोय. निम्म्यांची लग्नं झाल्यात म्हणं, शिव्याच खातोय बिचारा."

"पूस हे सगळं. आत्ता, माझ्यासमोर."

दादासोने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता पुसलं. पडद्यावरच्या कचऱ्याच्या डब्यातूनही पुसलं. मग मान खाजवत म्हणाला, "पर काका, मेव्हण्याच्या मोबाईलवर हाय की. त्यानं आन पुढं दोस्तांस्नी बी धाडलंय. त्यांची बी लग्नं ऱ्हायल्यात."

तिथून नाथाजी क्रांतीच्या सासरी गेला. त्यांचं हळदीचं दुकान सांगलीच्या मार्केट यार्डात आणि घर जवळच होतं. शकुंतलाबाईंनी, म्हणजे क्रांतीच्या सासूने, त्याला ओळखलं. लग्नात त्याचा मानाचा फेटा त्यांच्याच घरचा होता.

"पाव्हणं, च्या घ्या आधी," त्या म्हणाल्या. "मग खरं सांगा. कंची येळ खरी?"

नाथाजीने बशी हातात धरली. "ती सगळं बघायची, ताई. मला त्यातलं काय कळत न्हवतं. तिनं काय केलं, का केलं..."

"मेलेल्या माणसावर घातलं की बरं असतं. उलटून बोलत न्हाई."

नाथाजीने बशी तशीच खाली ठेवली. चहावर साय धरली.

"माझा पोरीवर राग न्हाई," शकुंतलाबाई म्हणाल्या. "मंगळाचं बी मी गिळीन. पर माझ्या घरातली गोष्ट मला बाहेरचा माणूस फोनवर सांगतोय. उद्या आणिक कोण काय सांगंल? हे बाहेर आलं कुठनं, तेवढं मला कळू द्या. कोण जाणूनबुजून आमच्या वाईटावर हाय का, तेवढं कळलं की मी सवता जाऊन सून घिऊन येते."

एवढंच सांगायचं होतं. मी विकला, दुकानदार पुसतो म्हणत होता, मी नको म्हणालो. माझं तेवढं पुसलं आणि लोकांच्या पोरी तशाच ठेवल्या. नाथाजीने तोंड उघडलं आणि म्हणाला, "तिचा पत्रिकांचा कॉम्प्युटर चोरीला गेला, ताई."

शकुंतलाबाईंचा चेहरा एकदम उतरला. "अगं बया. तिच्या मागं घर फोडलं व्हय मेल्यांनी? आन मी तुमालाच बोलत बसले."

आतून क्रांतीचा नवरा ऋषिराज बाहेर आला. त्याने सगळं ऐकलं होतं. "काका, पोलिसात दिलं का? नसंल तर उद्या मी येतो रहिमतपूरला. दोघं मिळून तक्रार देऊ. त्या फोन करणाऱ्याचा नंबर हाय माझ्याकडं. चोराला सोडायचा न्हाई. त्यो कोण ते कळलं की आई क्रांतीला घिऊन येईल."

"उद्या नगं," नाथाजी म्हणाला. "मी कळवतो."

"एकटं नका जाऊ काका. मी हाय."

शकुंतलाबाईंनी निघताना त्याच्या हातात घरच्या हळदीचा पुडा दिला. तो त्याने घेतला. नको म्हणायचंही त्याला सुचलं नाही. स्टेशनवर बाकावर बसून त्याने मोबाईल काढला, केरबाचा नंबर काढला आणि गाडी येईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिला. फोन लावला नाही. घरी आल्यावर केरबा पुन्हा येऊन गेल्याचं शेजारणीने सांगितलं. त्याने आतून कडी लावून घेतली.

ऋषिराजचा रोज फोन येतो. नाथाजी उचलत नाही. क्रांती अजून केरबाच्या घरी आहे. चोरी झाली नाही, हे सांगायचं राहिलंय. त्या फोल्डरमधल्या बाकीच्या मुलींच्या घरी अजून काहीच कळवलेलं नाही.