वाकचोच्या

तुरसुनाय सून होऊन नारीनच्या डोंगरातल्या या घरात आली, त्याला एकेचाळीस वर्षं झाली. सुनेनं सासऱ्याचं नाव ओठांवर आणायचं नाही. त्या नावाचा शब्दसुद्धा नाही. सासऱ्यांचं नाव बुरकुत, म्हणजे गरुड. तेव्हा एकोणीस वर्षांच्या त्या सुनेनं आभाळातल्या पक्ष्यासाठी नवाच शब्द घडवला, ‘वाकचोच्या’. सासू तोंडाला रुमाल लावून हसली. पुढं मुलं तेच म्हणू लागली, मग सगळी आळी. मास्तरांनी फळ्यावर खरा शब्द लिहिला, तर पोरं म्हणाली, “हा कुठला पक्षी?”

आता म्हातारा अंथरुणाला खिळला होता. सकाळी तिनं चहात भिजवलेला नान पुढं केला, तशी त्यानं मान फिरवली.

“सूनबाई, या घरात माझं नाव शेवटचं कधी ऐकलंस?”

“तुमच्या थोरल्या बहीणबाई होत्या तेव्हा, बाबा.”

“म्हणजे नऊ वर्षं. नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही. लेक बाबा म्हणतो, गाव आजोबा म्हणतं. जनाज्याला मुल्ला घेईल नाव, पण ऐकायला मी थोडाच असणार!” तो खोकत हसला. “एकदा तू घे.”

“बाबा, एक वेळ रोजा मोडायला सांगा. हे नको.”

“इतकी वर्षं पाळलंस ते माझ्याच मानासाठी ना? मग माझ्याचसाठी सोड.”

ती अंगणात आली. नवरा एसेन लाकडं फोडत होता. सगळं ऐकून म्हणाला, “घे की. एवढं काय?”

“मग तुम्हीच घ्या.”

“मी? बापाला नावानं हाक मारू?” त्यानं कुऱ्हाड पुन्हा उचलली.

“मला शिकवायला मात्र पुढं!”

तिनं वजू केला, धुतलेला रुमाल बांधला, आणि म्हाताऱ्याच्या पायांशी गुडघे टेकून बसली. बिस्मिल्ला म्हटलं. पहिल्यांदा नुसता श्वासच बाहेर आला.

“बुरकुत.”

म्हाताऱ्याचे डोळे मिटलेलेच होते. “आलो गं,” तो म्हणाला. कुरणातल्या पोराला आईनं जेवायला बोलवावं, तसा.

दुपारच्या नमाजानंतर तो गेला. बायका अंगणात उभारलेल्या यर्तमध्ये, लोकरीच्या गोल तंबूत, विलापाला बसल्या. पहिली ओळ सुनेनं उचलायची असते. तुरसुनायनं उचलली, “आमचा वाकचोच्या उडाला गं...”

खरं नाव तिनं पुन्हा कधी घेतलं नाही.