श्रीनिवासचा राहून गेलेला लेख

गेले दोन महिने जो भेटायला येतो तो मला एकच सांगतो, नीता, स्वतःला दोष देऊ नकोस. माझ्या नवऱ्याचा, श्रीनिवासचा, लेख मी आमच्या अंकातून ऐन वेळी काढला आणि तोच अंक वाटताना तो गेला, हे सगळ्यांना माहीत आहे. आयुष्यात पहिल्यांदा काही लिहिलं आणि छापलेलं बघायला माणूस उरला नाही, म्हणून लोक हळहळतात. मी मान हलवते, चहा विचारते. दोष द्यायचं खरं कारण त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नाही.

कारण अगदी साधं आहे. श्रीनिवासने मला विचारलं होतं, "लेख वाचलास का?" आणि मी म्हटलं होतं, "वाचला." मी तो वाचला नव्हता.

'शेजार' हे आमचं त्रैमासिक. सिंगापुरातल्या क्लेमेंटी भागातल्या आणि आसपासच्या मराठी घरांसाठी आम्ही ते काढतो. क्लेमेंटीला आम्ही गमतीने गाव म्हणतो, आणि कुणाचा नोकरीचा पास रिन्यू झाला नाही, कुणाची आई पुण्याहून येताना भाजणी आणतेय, हे इथे गावात पसरावं तसंच पसरतं. तीनशे प्रती निघतात. लिटल इंडियात वाणसामानाचं दुकान चालवणारे मनोहरकाका, डबे पुरवणाऱ्या सुचित्राताई, एक शिवणकामवाली, दोन शिकवणीवाले, यांच्या जाहिरातींवर छपाई भागते. बाकी सगळं हौशीचं काम. अनुया संपादन करते, रुचिर फोटो काढतो, मी पानं लावते आणि मुद्रितं तपासते. श्रीनिवास अंक वाटायचा. सात ब्लॉक, म्हणजे सात उंच इमारती, एकट्याने, पायी, दारोदार. मोबाइलवर पाठवला तर मुलांकडे राहायला आलेले आजी-आजोबा वाचत नाहीत, त्यांना हातात कागद लागतो, असं त्याचं म्हणणं होतं.

मी बँकेत कंप्लायन्समध्ये आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या कागदांतला शब्द न् शब्द वाचून त्यातली खोट काढायची, याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे 'शेजार'मध्येही माझा दरारा आहे. नीताच्या नजरेतून वेलांटी सुटत नाही म्हणतात. आता हसू येतं त्याचं, आणि ते हसू काही चांगलं नसतं.

पाडव्याच्या अंकाची जुळवाजुळव चालली होती आणि माझं ऑफिसात ऑडिट होतं. फेब्रुवारीत एका रात्री जेवताना श्रीनिवास म्हणाला, "मी एक लेख पाठवलाय तुला. वाटपाबद्दल."

"तू? लेख?" मला खरंच हसू आलं. वाढदिवसाच्या कार्डावर सहीपलीकडे चार शब्द लिहायला सांगितले तर घामाघूम होणारा माणूस तो.

"वाच तर खरं," तो म्हणाला.

मी फाइल उघडली, किती शब्द भरतात ते पाहिलं, बरोबर एका पानात बसत होता. वाचायचं नंतर, मुद्रितं बघताना, असं ठरवून बंद केली. तीन दिवसांनी पुन्हा जेवतानाच त्याने विचारलं. आमची ऋता, सतरा वर्षांची, ज्युनियर कॉलेजात जाते, तीही टेबलावर होती.

"वाचलास का गं लेख?"

अंक काढणाऱ्यांना एक खोटं अंगवळणी पडतं. मीनलने मोदकांची पाककृती पाठवली, वाचली, छान आहे. कुणा आजोबांनी अंदमानचं प्रवासवर्णन पाठवलं, वाचलं, छान आहे. लोकांना तेवढंच हवं असतं आणि आपल्याला तेवढ्यात सुटता येतं. मी मोबाइलवर ऑफिसची मेल बघत म्हटलं, "वाचला. छान झालाय. थोडा लांबलाय, शेवट जरा कापू या."

"शेवट?"

"हो. शेवटी सगळेच पाल्हाळ लावतात."

तो माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिला. मग "बरं. तू म्हणशील तसं," म्हणाला आणि ताटं उचलून सिंककडे गेला. मला वाटलं, हिरमुसला. नवे लेखक हिरमुसतातच.

चारेक दिवसांनी मी बुटांची लेस बांधत होते तेव्हा तो दारात येऊन उभा राहिला. "त्या लेखाबद्दल तुला काही बोलायचंय का?" त्याने विचारलं.

"श्री, आत्ता नाही रे. अंक हातावेगळा होऊ दे, मग बोलू."

छपाईला जायच्या आदल्या दिवशी, मी मुद्रितं हातात घ्यायच्या आतच, मनोहरकाकांची पूर्ण पानाची जाहिरात आली, दुकानाला पंचवीस वर्षं झाल्याची. आमच्या अंकाला मधोमध पिना मारतात, त्यामुळे पानं चारच्या पटीतच लागतात. एकच पान वाढवायची सोय नसते, काहीतरी काढावं लागतं. मीनलची पाककृती काढली असती तर ती वर्षभर बोलली नसती. चौथीतल्या एका मुलीची कविता काढवेना. उरला श्रीनिवास. पंगतीत वाढायला कमी पडलं तर घरचे हात आखडता घेतात, पाहुण्यांना कळूही देत नाहीत. आम्ही त्यातच वाढलो. मला निर्णय घ्यायला अर्धं मिनिटही लागलं नाही, आणि वर स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं.

"तुझा लेख पुढच्या अंकात घेते," मी त्याला म्हटलं.

"पुढच्या अंकात?" तो म्हणाला. मग हसला. "चालेल."

पाडव्याच्या आधीच्या शनिवारी सकाळी तो नेहमीसारखा खांद्यावर दोन पिशव्या अडकवून निघाला. साडेदहाच्या सुमाराला एका ब्लॉकच्या चौथ्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमध्ये पडला. समोरच्या घरातल्या चिनी आजोबांनी ॲम्ब्युलन्स बोलावली, ती दहा मिनिटांत आली. सगळं वेळेवर झालं म्हणे. फक्त तो नव्हता उरला. डॉक्टरने विचारलं, आधी काही त्रास होत होता का, आणि मी ठामपणे सांगितलं, नाही, अजिबात नाही. एकावन्न वर्षांचा धडधाकट माणूस.

तेराव्यानंतरच्या शनिवारी मनोहरकाका दुकान बंद ठेवून आले. इतक्या वर्षांत शनिवारी दुकान बंद ठेवलेलं मी पाहिलं नव्हतं. सत्तरीचा माणूस सोफ्याच्या कडेला बसून पोरासारखा रडला. "माझ्या पानापायी राहिलं गं त्याचं. मला कळलं असतं तर मी पान परत घेतलं असतं."

"काका, तुमचा काय संबंध," मी म्हटलं.

पण त्यांनी ते मनात ठेवलं. जूनच्या अंकाची वेळ आली तेव्हा सगळ्या दुकानदारांना फोन करून त्यांनी ठरवून टाकलं की छपाईला हातभार नेहमीचाच, पण या अंकात कुणाचीच जाहिरात नको. आमची पानं श्रीनिवासला. सुचित्राताई म्हणाल्या, माझं नावही छापू नका. रुचिर श्रीनिवासच्या सातही ब्लॉकचे फोटो काढून आला. वाटपाला अकरा जणांनी नावं दिली, त्यात दोघं पार दुसऱ्या टोकाच्या सेम्बावांगहून येणार होते. इतकी माया मी या गावात कधी पाहिली नव्हती. माझ्या घशाखाली उतरत नव्हती ती.

अनुयाचा फोन आला. "तू फक्त फाइल पाठव. रुचिर पानं लावेल. तू बघूही नकोस, तुला त्रास होईल."

तिलाही वाटत होतं की मी तो लेख वाचलेला आहे. मी दोन महिने फाइल उघडली नव्हती. का, ते सांगता येत नाही. वाचला असं एकदा म्हटल्यावर आता वाचायचा म्हणजे पहिलं खोटं कबूल करायचं, असं काहीतरी असावं. पाठवून द्यावी, छापून आल्यावर सगळ्यांबरोबर वाचावी, असंही मनात आलं. पाठवलीही असती.

रविवारी दुपारी मी लॅपटॉप घेऊन बसले तेव्हा ऋता शेजारी येऊन बसली. तिला मराठी बोलता येतं, इथल्या 'लाह' लावून बोलायच्या इंग्रजीत मिसळून; वाचता येत नाही.

"ममा, पप्पांनी काय लिहिलंय? वाचून दाखव ना. आय डोंट वॉण्ट टू पुट इट इन सम ट्रान्सलेट ॲप. वियर्ड लाह."

मी फाइल उघडली आणि मोठ्याने वाचायला लागले.

लेख सुंदर होता. मी बायको म्हणून सांगत नाही, मुद्रितं तपासणारी म्हणून सांगते. कुठल्या दारात किती चपला आहेत त्यावरून पुण्याहून कोण आलंय ते त्याला कळायचं. एक आजी अंक आधी नाकाला लावून शाईचा वास घ्यायच्या, मगच त्याला आत बोलवायच्या. एक मलय बाई त्याला टपाल खात्याचा माणूस समजून दर वेळी आपलं पत्र आलंय का विचारायची, आणि नाही म्हणताना त्याला इतकं वाईट वाटायचं की एका दिवाळीत त्याने तिला मराठीतला अंकच देऊन टाकला होता. ऋता हसत होती. मीही हसत होते. दोन महिन्यांत पहिल्यांदा घरात त्याचा आवाज आल्यासारखं वाटत होतं.

मग शेवटचा परिच्छेद आला.

"आता थोडं खासगी. संपादक मंडळाने हवं तर हे कापावं. गेले दोन महिने तिसऱ्या मजल्याच्या पुढे मला पायरीवर बसावं लागतं. छातीवर कुणीतरी तांदळाचं पोतं ठेवतं आणि पाच मिनिटांनी उचलून नेतं. घरी सांगितलं की आरडाओरडा होणार, ऑडिट बाजूला पडणार, अंकही बाजूला पडणार, म्हणून तोंडाने सांगवत नाही. पण आमच्याकडे नीता अंकातला शब्द न् शब्द वाचते. ती हे वाचेल, मला शिव्या घालेल आणि कानाला धरून डॉक्टरकडे नेईल. मी तयार आहे."

मी शेवटपर्यंत वाचलं. मधेच थांबायचं सुचलंच नाही. 'मी तयार आहे' हे शब्द मी मोठ्याने म्हटले आणि मग मला अर्थ कळला.

ऋताला सगळं मराठी कळलं की नाही, मी तिच्याकडे बघून अंदाज घेत होते. तिला कळलं होतं.

"वेट," ती म्हणाली. "तुला माहीत होतं?"

"नाही."

"बट तू वाचलेलास. आय वॉज देअर. डिनरला. तू म्हणालीस, छान आहे."

"नव्हता वाचला."

"देन व्हाय डिड यू से?"

"असंच म्हटलं गं. सगळ्यांना म्हणते तसं."

खाली व्हॉइड डेकवर, इमारतीच्या मोकळ्या तळमजल्यावर, मुलं बॉल आपटत होती. मी तिचा हात धरायला गेले, तो तिने काढून घेतला, रागाने नाही, नुसताच.

"सो ही थॉट यू न्यू," ती म्हणाली. "त्याला वाटलं तुला माहितीये. आणि तू म्हणालीस, शेवट काप."

मी 'हो' म्हटलं.

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. मी तिथेच बसून राहिले. आधी मला त्याचा भयंकर राग आला. अरे, तोंड होतं ना तुला! पावलापावलाला क्लिनिक आहे इथे. बायको ओरडेल म्हणून कुणी मरतं का? हे मी मोठ्याने बोलले असावे, कारण आतल्या खोलीतलं रडणं एकदम थांबलं. मग राग ओसरला आणि मी दिवस मोजले. त्या जेवणापासून त्या शनिवारपर्यंत एकोणीस.

अनुयाला मी लेख पूर्ण पाठवला, एक अक्षर न कापता. खाली दोन ओळी घातल्या: हा लेख मी वेळेत वाचला नाही. वाचला असं मी त्याला खोटं सांगितलं होतं. अनुयाचा लगेच फोन आला. "नीता, हे तीनशे घरांत जाईल. काढू या का? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत," मी म्हटलं. "मनोहरकाकांना आधी दे वाचायला."

लोकांचं मला काही वाटत नाही. मला ते एकोणीस दिवस सोडत नाहीत. एकोणीस दिवस तो माझ्या हातचं जेवला, रात्री माझ्या अंगावर पांघरूण सारखं करून झोपला, सकाळी ऑफिसच्या बॅगेत माझा डबा ठेवत राहिला, आणि सगळा वेळ तो असं समजून होता की हिला कळलंय, आणि हिला त्याचं काही नाही. तरी तो माझ्याशी एकदाही वाकडं बोलला नाही. लोक म्हणतात, तो गेला तेव्हा त्याला त्रास झाला नसेल. झाला असेल की नसेल, मला माहीत नाही. तो परत यावा असं मागण्याएवढी मी वेडी नाही. मला फक्त दोन मिनिटं हवीत, त्याला एवढंच सांगायला, की श्री, मी वाचलंच नव्हतं रे.