तापली तर धुळ्याला

प्रकाशचंद यांच्या डाळ मिलमध्ये कोणतीही वस्तू दोनदा दुरुस्तीला गेली की तिसऱ्यांदा ती विक्रीला जायची. हा नियम चाळण्यांना होता, मोटारींना होता, एकदा तर एका मुनिमालाही लागता लागता राहिला. विधीच्या मोटरसायकलला मात्र त्यांनी एक संधी जास्त दिली. एक तर विधी त्यांची एकुलती एक मुलगी, आणि दुसरं म्हणजे गाडी तिनं स्वतःच्या पगारातून घेतलेली. पगार त्यांच्याच मिलचा होता, ही आठवण ते महिन्यातून एकदाच करून देत, एक तारखेला.

गाडी जुनीच, पण रुबाबदार, रेडिएटरवाली. महिन्याभरात ती तीनदा तापून बंद पडली आणि तिन्ही वेळा मिलच्या टेम्पोतून घरी आली. तिसऱ्या वेळी तुरीच्या पोत्यांमध्ये दोरीनं बांधलेली, ताठ उभी, अशी तिची मिरवणूक जळगावच्या दाणा बाजारातून निघाली, तेव्हा निम्म्या दुकानांनी विचारलं, "शेठ, नवीन मशीन का?" प्रकाशचंदांना तोटा एक वेळ चालायचा, पण त्याची अशी जाहिरात नाही.

"रविवारी धुळ्याला जाऊ," त्यांनी जेवताना जाहीर केलं. "देवपुरातल्या कॉलेजचे हितेंद्र सर गाडी घ्यायला तयार आहेत. तू चालव, मी मागं बसतो. लाल दिवा न लागता पोचलो तर गाडी तुझी, मी पुन्हा विक्रीचं नाव काढणार नाही. तापली तर धुळ्यालाच ठेवायची आणि बसनं परत."

"तापली तर धुळ्यापर्यंत पोचेल कशी, पप्पा?"

"थांबत थांबत. मला घाई नाही."

विधीला होती. हाताशी सहा दिवस होते आणि दुखणं अजून सापडलं नव्हतं. पण गाडीचा स्वभाव तिनं नीट हेरून ठेवला होता. हायवेवर ही बाई थंडगार असायची. गावात शिरली, गर्दीत रेंगाळली, की पडद्यावरच्या तापमानाच्या पट्ट्या एकेक करून चढायच्या आणि सहाव्या पट्टीला लाल दिवा. म्हणजे पाणी पुरेसं होतं, पंपही धड होता. समोरून वारा मिळतो तोवर सगळं ठीक आणि वारा थांबला की ताप. गाडी उभी असताना वारा द्यायचं काम ज्याचं, तो रेडिएटरमागचा पंखाच कामचुकार असणार!

तिनं मिलच्या आवारात गाडी चालू करून ठेवली. पाचव्या पट्टीला पंखा सुरू व्हायला हवा होता. पाचवी पट्टी आली, पंखा गप्प. फ्यूज काढून पाहिला, शाबूत. मग पंख्याची वायर सोडवून तिनं थेट बॅटरीतून करंट दिला. पंखा कण्हला, अर्धा वळला आणि बसला. बोटानं फिरवावं तर आत काहीतरी करकरत होतं. खोलून पाहिलं तर मोटारीत तुरीचा कोंडा ठासून भरलेला! सावली असते म्हणून गाडी रोज ब्लोअरखाली उभी राहायची, आणि ब्लोअर दिवसभर तिच्यावर टरफलं उधळायचा.

"सापडलं!" विधी अशी ओरडली की दोन हमालांनी पोती खाली टाकली.

नवा पंखा पुण्याहून आला शनिवारी दुपारी, नेमक्या त्याच वेळी दारात दोन ट्रक भरायला उभे. नव्या पंख्याचा प्लग जुन्याला बसत नव्हता, आणि त्याच्या दोन्ही वायरी काळ्या. कुठली कुठं जोडायची, हे पाहावं लागणार होतं.

"घरात फिटर असताना बाहेर कशाला?" प्रकाशचंद म्हणाले, आणि लोटनभाऊंना हाक गेली.

लोटनभाऊ अमळनेरकडचे, मिलमध्ये सव्वीस वर्षं. मिलचे अकराही पंखे त्यांच्या हातचे. दोन वायरी पिळून, टेप गुंडाळून, पंख्यापुढं तळहात धरून त्यांनी वारा तपासला आणि अंगठा वर केला. "ताई, बठ्ठं काम व्हई गयं."

विधी ट्रकवरून धावत आली. पंखा असा घुमत होता की ऐकत राहावं. तिनं आवारात चार फेऱ्या मारल्या. पूर्वी गाडी तापली की नडग्यांना चटके बसायचे, आता पाय गार. तिला वाटलं, जिंकले!

रविवारी आठला निघाले. मागं प्रकाशचंद, डोक्यावर हेल्मेट, मांडीवर खाकऱ्याची पिशवी, आणि नजर मुलीच्या खांद्यावरून थेट पट्ट्यांवर. हायवेला तीन पट्ट्या. "तीन," ते दर पाच मिनिटांनी म्हणायचे, भाव पुकारल्यासारखे. एरंडोल येईपर्यंत विधी हेल्मेटात गाणं म्हणू लागली होती.

एरंडोलला गाडी गर्दीत शिरली. पुढं केळीचा ट्रक, त्याच्या मागं ही दोघं, माणूस चालेल त्या वेगानं.

"चार," पप्पा म्हणाले. "पाच."

पंखा सुरू झाला. विधीनं श्वास सोडला.

"सहा," पप्पा म्हणाले. लाल दिवा लागला होता.

चहाच्या टपरीपाशी गाडी उभी करून त्यांनी शांतपणे हेल्मेट काढलं, खिशातून मोबाईल काढला. "सरांना कळवतो, उशीर होईल. आणि गाडी तिथंच राहील."

"थांबा, पप्पा! दोन मिनिटं!"

"दिवा तू पाहिलास का?"

"पाहिला. पण पंखा चालू असताना कसा लागेल? पाच मिनिटांनी करा फोन, गाडी कुठं पळून चाललीय?"

"पळत नाही, हेच तर दुखणं आहे," ते म्हणाले. पण मोबाईल खिशात गेला.

विधी गाडीपुढं उकिडवी बसली. इंजिन तापलेलं, पंखा जोरात, आणि तिच्या नडग्या मात्र अजून गारच. ही उष्णता जाते तरी कुठं? तिनं चेहरा पुढं नेला आणि झटक्यात मागं घेतला. गरम झोत तिच्या तोंडावर आला होता! टपरीवरून एक पातळ कागदी रुमाल घेऊन तिनं रेडिएटरच्या जाळीसमोर धरला. समोरचा वारा आत ओढणारा पंखा असता तर रुमाल जाळीला चिकटायला हवा होता. तो फडफडला आणि उडून थेट प्रकाशचंदांच्या छातीवर बसला.

विधीनं लोटनभाऊंना फोन लावला, स्पीकरवर.

"लोटनभाऊ, पंख्याचं वारं कुठल्या बाजूला ठेवलंय?"

"भायेर, ताई! पंखा हवा भायेर फेकस, इतलं माले बी समजस. सव्वीस वरीस व्हयनात!"

मिलचा पंखा आतली धूळ बाहेर फेकतो, म्हणून लोटनभाऊंच्या जगात प्रत्येक पंखा बाहेरच फेकणार. गाडी वारा आत घेत होती, लोटनभाऊंचा पंखा तोच वारा पुढून हाकलून देत होता. हायवेला पंखा सुरूच होत नव्हता म्हणून वारा जिंकला, गर्दीत पंखा. दोन्ही वायरी काळ्या, त्यामुळं पंख्यालाही आपण उलटे फिरतोय हे कळायची सोय नव्हती.

"म्हणजे लोटनची चूक," प्रकाशचंद म्हणाले. "पण दिवा तर लागलाच, बेटा. बोली ती बोली."

आता विधी त्यांची मुलगी झाली. "पप्पा, दिवाळीआधी आपल्या धर्मकाट्याखाली दगड अडकला होता. नऊ ट्रक तोलून झाले होते. काय केलं तुम्ही?"

"परत तोलले."

"ज्यात आपला फायदा झाला होता ते ट्रक?"

"सगळे. काट्यात दोष निघाला की ते वजन बाद. आमच्या बाजारात हाच—" ते मध्येच थांबले. गिऱ्हाईक हुशार निघालं की त्यांच्या डोळ्यांत एक चमक येई, ती आत्ता आली आणि त्यांना लपवता आली नाही. "पण मग ट्रक रिकामा करून तोलतात. शून्यापासून."

"म्हणजे?"

"म्हणजे परत जळगाव. मिलच्या दारातून."

तीस किलोमीटर मागं! विधी आनंदानं टपरीवाल्याशी हात मिळवून आली. टेप सोडला, दोन वायरींची अदलाबदल केली, पुन्हा पिळल्या, पुन्हा टेप. प्रकाशचंदांनी टेपचं टोक धरलं आणि आयुष्यात पहिल्यांदा रविवारी हात काळे केले. पंखा फिरला, रुमाल जाळीला असा चिकटला की टपरीवरच्या तिघांनी शिट्या मारल्या.

साडेदहाला मिलच्या दारात गाडी शिवून दुसरी फेरी सुरू झाली. एरंडोलच्या गर्दीत पाचवी पट्टी आली, पंखा लागला आणि विधीच्या नडग्यांवर भट्टी उघडली.

"भाजतंय, पप्पा! मस्त भाजतंय!"

"चार!" मागून आवाज आला.

पारोळ्याला तीन. धुळ्यात शिरताना तीन. पण खरी परीक्षा आग्रा रोडवर होती. तिथं उसाची ट्रॉली आडवी झालेली, मागंपुढं रिक्षा, वर दुपारचं ऊन, आणि वीस मिनिटांत वीस पावलं. पाचवी पट्टी आली ती जाईना. विधीच्या हातमोज्यांत घाम साचला. प्रकाशचंद भाव पुकारायचे थांबले होते. दोन्ही पायदानांवर उभे राहून ते मुलीच्या खांद्यावर पूर्ण ओणवे झाले होते.

"फिरतोय का?"

"फिरतोय."

"मग जा की खाली!" ते पट्टीला दटावून म्हणाले. "जा ना!"

पाचवी पट्टी विझली. बाजूच्या रिक्षातल्या बाईनं दचकून पाहिलं, कारण पासष्ट वर्षांचे एक शेठ हवेत मूठ उगारून "चार! चार!" असं ओरडत होते.

देवपुरात हितेंद्र सर अंगण झाडून वाट बघत होते. त्यांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या, इंजिनाचा आवाज ऐकला, आणि ठरलेल्या भावावर स्वतःहून सहा हजार चढवले.

विधीनं हँडल सोडलं नाही. सहा हजार न मागता वर मिळाले तर पप्पा काय करतात, हे ती लहानपणापासून बघत आली होती.

मनात आकडेमोड चालली की प्रकाशचंदांचे ओठ हलत, तसे हलले. मग ते म्हणाले, "भाव चोख आहे, सर. पण मालक मी नाही. मालक ती आहे, तिला विचारा."

"नाही," विधी हेल्मेटातूनच म्हणाली, इतक्या जोरात की सर एक पाऊल मागं गेले.

चहा झाला, खाकरे संपले. निघताना प्रकाशचंदांनी हेल्मेट चढवलं, मागं बसले, आणि खांद्यावरून पट्ट्यांकडं बघत म्हणाले, "शिरपूर इथून पुढं किती असेल गं?"