ग्लासगोचं ऊन आणि मधुमतीकाकू

१९९५च्या फेब्रुवारीतली गोष्ट. वॉटफर्डहून मधुमतीकाकू आपल्या मुलाला, उदयला, घेऊन ग्लासगोला अलकाला बघायला आल्या. उदय डेंटिस्ट. अलका तिथल्या युनिव्हर्सिटीत हवेतल्या वायूंवर संशोधन करत होती. तिची आई नंदा सकाळपासून तिसऱ्यांदा तिला बजावत होती, "आज तरी वायूंबद्दल बोलू नकोस."

पण पोहे खाता खाता काकूंनीच विचारलं, "तू नेमकं करतेस काय गं?"

अलकाने आईकडे बघणं टाळलं. "काकू, उन्हात सगळे रंग असतात. ते खाली येताना वरच्या हवेतले वायू त्यातला एकेक बारीकसा तुकडा खातात. प्रत्येकाचा तुकडा ठरलेला. काय उरलंय ते आमचं यंत्र बघतं."

"म्हणजे उष्टं ताट बघून कोण जेवून गेलं ते ओळखायचं!"

"अगदी तसंच," अलका म्हणाली आणि पहिल्यांदाच मनापासून हसली.

तिची पंचाईत एवढीच होती की यंत्राला ऊन लागायचं आणि ते होतं ग्लासगोमध्ये. उत्तर ध्रुवाकडची थंड हवा नेमकी त्या आठवड्यात स्कॉटलंडवर सरकली होती. तिच्यात ओझोन खाणारा क्लोरीन मोकळा झालाय का, हे तिला मोजायचं होतं. खाली मात्र नुसते ढग.

उदयने घसा खाकरला. "माझा आई म्हणते, तुला कुकिंग आवडते?" त्याचं मराठी वॉटफर्डला वाढलेलं होतं.

अलका उत्तर देणार तोच कार्पेटवर उन्हाचा एक चौकोन पडला. ती प्लेट हातात घेऊनच उभी राहिली.

"खाली बस," नंदा दातांतून म्हणाली.

"आई, ऊन!"

"किती वेळ टिकतं ते इथे?" काकूंनी विचारलं.

"चहा निवेपर्यंत."

"मग उभी काय राहिलीस? उदय, गाडी काढ!"

पाचही जण निघाले. अलकाचे बाबा, डॉक्टर पद्माकर, पुढे बसून रस्ता दाखवत होते. ते ॲनेस्थेटिस्ट होते. जन्मभर लोकांना वायू देऊन झोपवलं, आणि मुलीने वायूंपायी माझी झोप उडवली, असं ते कौतुकाने सांगत.

यंत्र वरच्या मजल्यावरच्या खोलीत होतं. गच्चीवरचा आरसा मोटरवर फिरत सूर्यामागे जायचा आणि ऊन नळीतून खाली खोलीत पाठवायचा. आज थंडीने मोटर गारठून बसली होती. कोणीतरी वर जाऊन आरसा हाताने फिरवायला हवा होता, कारण अलकाला खाली यंत्रापाशी थांबणं भाग होतं.

"आय विल डू इट," म्हणत उदय लोखंडी शिडीवर चढला, खाली बघितलं आणि चौथ्या पायरीला मिठी मारून थांबला. त्याला उतरवायला नंदाला त्याचा एकेक बूट धरून पायरीवर ठेवावा लागला.

तेवढ्यात काकूंनी पैठणी खोचली, अलकाचा जाडजूड ॲनोरॅक अंगात चढवला, काळा चष्मा लावला आणि वर गेल्यासुद्धा. बाबा मधल्या दारात उभे राहून निरोप पोचवू लागले.

"किंचित डावीकडे!" अलका ओरडली.

"डावीकडे!" बाबा ओरडले.

"माझ्या की तिच्या?" वरून आवाज आला.

"सूर्याच्या!" बाबा गोंधळून म्हणाले.

"त्याला काय डावंउजवं!"

तरीही उजेडाचा ठिपका थरथरत यंत्राच्या भोकावर आला आणि तिथेच स्थिरावला. काकूंनी श्वास रोखून आरसा धरला होता. कॉम्प्युटरवर रेघ उमटू लागली. एरवी क्लोरीनला बांधून ठेवणाऱ्या हायड्रोजन क्लोराइड वायूची खाच खोल दिसायची. ती आज अगदी उथळ होती. म्हणजे क्लोरीन त्यातून सुटला होता.

"काकू, मिळालं!" अलका किंचाळली, आणि ढग आला.

परतताना उदय तिला म्हणाला, "लग्नानंतर पण तू असाच उठून जाणार?"

"ऊन आलं तर, हो."

"मग आय डोन्ट थिंक..."

"मलाही नाही वाटत," अलका म्हणाली. दोघांनाही इतकं हलकं वाटलं की त्यांनी पेट्रोल पंपावर थांबून चिप्सचं एक पाकीट अर्धं अर्धं खाल्लं.

नंदाने घरी येऊन कपाळावर हात मारला. मधुमतीकाकूंनी मात्र बॅग पुन्हा उघडली. टीव्हीवर मंगळवारी ऊन सांगितलं होतं.

"तू जा पुढे, पेशंट खोळंबतील," त्या उदयला म्हणाल्या. "मी ट्रेनने येईन."

मंगळवारी पाऊस पडला. बुधवारीही पडला. गुरुवारपर्यंत काकूंनी नंदाच्या स्वयंपाकघरातले सगळे डबे नव्याने लावले होते, आणि नंदा दर तासाला खिडकीशी जाऊन ऊन पडू दे म्हणून देवाला हात जोडत होती.