रस्त्याकडे तोंड करून

मी बोलतोय तो तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून, आणि माझं तोंड रस्त्याकडे आहे. घरातल्यांना माझं बोलणं ऐकू जात नसावं. तुम्ही खाली उभे आहात, तुम्हाला जाईल. जरा थांबा. मी पडदा आहे, सावकाश बोलतो. दांडीला अडकलेल्याला कसली आलीय घाई.

गिरणीतलं मला काही आठवत नाही. आठवतं ते कापडाचं दुकान. पिवळा रंग आणि त्यावर टपोरी तांबडी फुलं, असा मी होतो. एक बाई आली, बरोबर तिचा नवरा आणि नवऱ्याची थोरली बहीण. त्यांनी नवं घर घेतलं होतं. तोवर बाई नणंदेकडेच एका खोलीत राहायची, आणि तिथल्या खिडकीला जुनी चादर फाडून लावलेली होती.

दुकानदाराने गुंडाळ्यांवर गुंडाळ्या सोडल्या. नणंद म्हणत होती करडा घ्या, मळ दिसत नाही. बाईने माझ्यावर ठेवलेला हात उचलला नाही. मग कापडाची कड गालाला लावून पाहिली. पडद्याला कुणी असं करतं का हो? मी तिथेच तिचा झालो.

"एवढी फुलं? खिडकीला लावायचंय की नवरीला नेसवायचंय?" नणंद म्हणाली.

"वन्सं, घरात बसून बघायला मला काहीतरी नको का?"

नवरा शहरातली बस चालवायचा. तो हसला आणि म्हणाला, घे गं तुला हवं ते.

शिंप्याने वर कड्या टाकल्या आणि मी नव्या घरात आलो. भिंतींना अजून चुन्याचा वास होता. तो स्टुलावर चढला, तिने स्टूल धरलं. तिची वर केलेली मान मला दिसत होती. वाटलं, आता जन्मभर हाच चेहरा समोर. आणि त्या गृहस्थाने मला फिरवून लावलं की हो! माझं तोंड काचेला आणि घराकडे पाठ. माझी पाठ म्हणजे काय, धुरकट पिवळी, फुलांच्या जागी नुसते डाग.

"अहो, उलटा लागला," ती म्हणाली.

तो खाली उतरून म्हणाला, की मुद्दाम लावलाय. त्याची बस याच रस्त्याने जायची आणि इमारतीच्या सगळ्या खिडक्या एका साच्यातल्या. "दिवसभर मी बाहेर असतो. आपलं घर कोणतं एवढं तरी येता-जाता दिसू दे मला."

तिने स्टूल कोपऱ्यात सरकवलं. मग म्हणाली, "बरं. पुढच्या धुण्यापर्यंत."

त्या पुढच्या धुण्याची तिने किती वाट पाहिली ते तिचं तिलाच ठाऊक. दर वेळी मी गच्चीवर वाळायचो, ती मला फुलं आत दुमडून खाली आणायची आणि हा आधीच स्टुलावर उभा. ती म्हणायची, तुम्हाला बायकोपेक्षा बस जवळची. तो म्हणायचा, ती ब्रेक दाबला की थांबते तरी. ती हसायची, आणि मी परत रस्त्याकडे.

रस्ता वाईट नव्हता. खोटं कशाला बोलू? समोरच्या शाळेत मुलं ओरडून ओरडून पाढे म्हणायची, माझं शिक्षण तेवढंच. माणसं एकटी असली की कशी चालतात ते मी पाहिलं. उभ्या गाडीच्या आरशात केस सारखे करतात, स्वतःशीच भांडण घोळवतात, वर बघतात आणि आपल्याला कुणी पाहिलं नाही ना म्हणून पुन्हा बघतात. आणि वळणावर त्याची बस यायची. तो किंचित वेग कमी करायचा आणि वर बघायचा. ती मागून माझी कड धरून जराशी सारायची. तिची बोटं मला कळायची. चेहरा नाही.

खोलीत काय चाललंय ते मी कानांनीच जगलो. शिवणयंत्र चालायचं. भांडी पडायची. मग एक बाळ रडू लागलं, ती मुलगी. ती मोठी झाली तसं मला गुंडाळून घेऊन लपायची. तिचा गरम श्वास माझ्या पाठीवर आणि मी बघतोय समोरची शाळा. मान वळवता आली असती तर!

मग तो निवृत्त झाला. पहिल्याच सकाळी, तिने म्हणायच्या आत, स्टूल घेऊन आला. "चल, तुझी फुलं घे," म्हणाला आणि मला फिरवलं.

खोली मला वाटायची त्यापेक्षा लहान निघाली. आणि ती समोर उभी होती. केस पिकलेले ती रस्त्यावरून येता-जाता दिसले होते, पण डोळ्यांभोवतीच्या त्या बारीक रेघा नव्हत्या पाहिल्या. मलाच लाज वाटली. माझं तरी काय उरलं होतं? उन्हाने तांबडं खाल्लं, विटकरी राहिलं. माहेरी आलेली मुलगी म्हणाली, आई, नवा आणू या, हा आता फरशी पुसायला काढ.

"आत्ता कुठे माझ्याकडे तोंड केलंय त्याने," ती म्हणाली. "राहू दे."

ते दिवस माझे. ती समोर बसून शेंगा सोलायची, मध्येच हात थांबवून माझ्याकडे बघायची. काही म्हणून काही नको होतं.

एकदा तो दूध आणायला गेला आणि शेजारच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जाऊन बसला. तिथल्या बाईंनी ओळखून चहा दिला. तो पिऊन वर त्यांनाच सांगितलं, की आज साखर कमी पडली. घरी आल्यावर सगळे हसले, तोही हसला. पुढच्या वेळी कुणी हसलं नाही. मुलीला तो बसथांब्यावर सापडला, हातातलं दूध नासलेलं. तिला एवढंच म्हणाला, "सगळ्या खिडक्या सारख्या दिसतात गं."

मुलगी आईला म्हणाली, बाबांना एकटं बाहेर सोडू नकोस, कडी लावून ठेव.

"अगं, जन्मभर लोकांना घरी पोचवलंय त्यांनी. त्यांना मी कोंडून ठेवू?"

दुपारी तो झोपला होता. गुडघे धरत ती एकटीच स्टुलावर चढली, मला काढलं आणि खाली बसून मांडीवर घेतलं. फुलांवरून हात फिरवत राहिली. मी तिला पाहून घेतलं, जेवढं मावेल तेवढं. मग ती उठली आणि तिने मला रस्त्याकडे तोंड करून लावलं.

त्याला सांगितलं, बाहेर गेलात की मान वर करायची, फुलं दिसली की तो आपला जिना. मला काय कुक्कुलं बाळ समजतेस, असं तो म्हणाला. पण मान वर करतो.

आता मी विरलोय, कड उसवलीय. ती संध्याकाळी खिडकी उघडी ठेवते, म्हणजे वाऱ्याने मी बाहेर येतो आणि लांबून दिसतो. तो कोपऱ्यावर थांबतो. कधी लगेच ओळखतो, कधी बराच वेळ बघत राहतो. मागे ती माझी कड मुठीत धरून उभी असते. हाक मारत नाही. चारचौघांत त्याला ओशाळं वाटेल. तिची बोटं मला कळतात, पण तिच्याकडे वळून बघता येत नाही. त्याला घरी आणायचं तर मला इकडेच बघायला हवं.

तुम्हाला थांबवलं ते एवढ्यासाठीच. दुधाची पिशवी घेतलेला म्हातारा खाली उभा दिसला तर त्याला काही विचारू नका, हातही धरू नका. फक्त त्याच्या आडवे उभे राहू नका.

आणि आता जरा बाजूला सरा. तो वळणावर आलाय.